चहाच

हिंजवडीच्या आयटी पार्काला लागून असलेल्या मारुंजीत, जिथे भातखाचरांना टॉवर भिडलेत, तिथल्या शाळेत पाचवीतल्या एका मुलीने भाषा काढली. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे ‘च’ लावायचा. कमळचं चमळक, मारुंजीचं चरुंजीमा. बघता बघता अख्खा वर्ग ती बोलू लागला आणि ही झाली मालकीण.

पण भाषा मालकिणीचं ऐकेना. ‘प्रश्न’ शब्द अडला तेव्हा तिने फर्मावलं, आधी नुसता ‘प’ काढा. कुणाच्याच जिभेला ते जमेना; जो तो ‘चश्नप्र’ म्हणे. जोडाक्षर फोडायचं नाही, असं कुणीच ठरवलं नव्हतं. ‘अंगण’मधलं टिंबही ‘अ’चं बोट सोडेना: चगणअं. मग आला ‘चहा’. त्याचं झालं चहाच! चटणीचं चटणीच, चमच्याचं चमचाच. साध्या ‘च’ने सुरू होणारा शब्द लपायच्या ऐवजी आणखी ठासून बोलत होता. गुपित फुटतं म्हणून तिने ‘चहा’ला वेगळा नियम लावला. तो एक दिवसही टिकला नाही.

त्याच सुमारास बांधकामावर आलेल्या कुटुंबातला एक मुलगा वर्गात आला. नांदेडकडचा. पहिल्याच मधल्या सुट्टीत तो फडाफडा तीच भाषा बोलला.

“ही माझीये. तुला कुणी शिकवली?”

“आमच्याकडं आजीबी बोलती की.”

तिचा विश्वास बसेना. “प्रश्न?”

“चश्नप्र.”

“अंगण?”

“चगणअं.”

“चहा?”

तो हसला. “चहाच. ते कुटं जातंय?”

तिने मारुंजीत ‘च’ लावला होता, त्याच्या आजीने नांदेडकडे. अक्षर कुठे तुटतं आणि कुठे तुटत नाही, हे मात्र मराठीने दोघींच्याही आधी ठरवून ठेवलं होतं. बाजूला उभ्या बाईंनी मुलांना महानुभावांची सकळ लिपी सांगितली. त्या पंथाच्या लोकांनी अक्षरांच्या जागी वेगळ्या खुणा योजल्या आणि आपले ग्रंथ शतकानुशतकं त्यांतच उतरवून ठेवले. खुणा नव्या, खाली मराठी तीच.

मुलीचं तिकडे अर्धंच लक्ष होतं. तिने त्या मुलाला हाताला धरून फळ्यापाशी नेलं.

“अजून कुणीच न केलेला शब्द सांग.”

त्याने डोकं खाजवलं. “क्षत्रिय.”

“थांब, सांगू नको. दोघं वेगवेगळं लिहू.”