मनात होते, पण हातून झाले नाही



आपल्या वसईतल्या ख्रिस्ती घरांना जुन्या इंग्रजी गाण्यांचा नाद नवा नाही. जिम रीव्हज आणि एल्विस प्रिस्ली यांचे आवाज आधी रेडिओवरून, मग कॅसेटवरून आपल्या ओटीवर आले. आता ते मोबाइलवर ऐकू येतात. त्यांतल्याच एका गाण्याविषयी आज बोलायचे आहे. 'ऑलवेज ऑन माय माइंड', म्हणजे 'तू सदैव माझ्या मनात' हे ते गाणे. प्रवचनात प्रेमगीत कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्या बायबलमध्ये 'गीतरत्न' हे अख्खे पुस्तकच प्रेमगीतांचे आहे. देवाला प्रेमाच्या गाण्यांचे वावडे नाही.

या गाण्याचा जन्म एका घरगुती कुरबुरीतून झाला. वेन कार्सन हा अमेरिकन गीतकार कामासाठी घरापासून दूर होता. मुक्काम ठरल्यापेक्षा लांबला. फोनवर पत्नी रागावली. तिची समजूत घालताना, "अगं, मी इथे असलो तरी विचार तुझाच करत होतो," अशा अर्थाचे काहीतरी तो बोलून गेला आणि त्यातच त्याला गाणे सापडले. जॉनी क्रिस्टोफर आणि मार्क जेम्स या दोघांनी ते पूर्ण करायला मदत केली. गाण्यातला माणूस मारझोड करणारा नाही, व्यसनी नाही. त्याच्या हातून फक्त लहानसहान गोष्टी राहून गेल्या आहेत. तो त्या कबूल करतो, तू मात्र मनात होतीस असे सांगतो आणि आणखी एक संधी मागतो.

हे गाणे पुढे अनेकांनी गायले. 1972 साली ते ग्वेन मॅक्रे आणि ब्रेंडा ली या दोन गायिकांच्या आवाजात लोकांसमोर आले. म्हणून हे गाणे फक्त नवऱ्यांसाठी आहे, असे कोणी समजू नये! त्याच वर्षी मार्चमध्ये एल्विसने ते ध्वनिमुद्रित केले. तो आणि त्याची पत्नी प्रिसिला नुकतेच विभक्त झाले होते. 1973 मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. त्याच्या आवाजात ते मोडलेल्या घराचे गाणे झाले. दहा वर्षांनी, 1982 मध्ये, पन्नाशीला टेकलेल्या विली नेल्सनने ते अगदी शांतपणे, मागे वळून पाहिल्यासारखे गायले. पुढच्या वर्षी त्या गाण्याला 'ग्रॅमी'चा वर्षातील सर्वोत्तम गीताचा पुरस्कार मिळाला. 1987 मध्ये 'पेट शॉप बॉइज' या इंग्लंडमधल्या जोडीने त्याला नाचाचा ठेका दिला आणि त्या नाताळात ते तिथे पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यांनी मूळ गाण्यात नसलेली एक शंका शेवटी हळूच जोडली: कदाचित मी तुझ्यावर प्रेम केलेच नसेल.

बंधु-भगिनींनो, ही शंका मला महत्त्वाची वाटते. जे प्रेम वर्षानुवर्षे मनातच राहिले, ओठांवर आले नाही, हातांत उतरले नाही, त्याला प्रेम म्हणायचे का?

संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण अशी की, प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. इथे 'इच्छिणे' म्हणजे नुसते वाटणे नव्हे. शेत नांगरावे असे वाटल्याने शेत नांगरले जात नाही. ज्याची खरी इच्छा असते तो उठतो आणि बैल जुंपतो. संत योहानही आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की, प्रेम जिभेने नव्हे तर कृतीने व्हावे (1 योहान 3:18).

प्रभू येशूने सांगितलेला श्रीमंत माणसाचा आणि लाजरसचा दाखला आठवा (लूक 16:19-31). त्या श्रीमंताने लाजरसला मारले नाही, दारातून हाकललेही नाही. त्याने काहीच केले नाही. तेवढ्यानेच दोघांमध्ये मोठी दरी पडली. म्हणूनच मिस्साच्या सुरुवातीला आपण विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेल्या पापांबरोबर टाळलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो. पापनिवेदनाला येताना मात्र आपण केलेल्या चुकांची यादी आणतो. राहून गेलेल्या गोष्टींची यादी सहसा घरीच राहते.

कळंबसारख्या गावात ही यादी कशी वाढते, हे आपण जाणतो. पहाटे रिक्षा पकडून नालासोपारा गाठायचे, गर्दीची लोकल, रात्री उशिरा परत. कोणी बोटीवर, कोणी आखातात. हे सगळे घरच्यांसाठीच चाललेले असते, यात शंका नाही. पण ज्यांच्यासाठी चालले आहे, त्यांच्याशी दोन शब्द बोलायला वेळ नसतो. म्हातारी आई शेजारच्या खोलीत असते आणि मुलगा मोबाइलवर. पत्नीने दिवसभर आजाऱ्याची सेवा केलेली असते आणि तिला "दमलीस का?" एवढेही कोणी विचारत नाही. मयताच्या घरी गेल्यावर धर्मगुरूंच्या कानावर वारंवार पडणारे वाक्य एकच असते: "फादर, मनात खूप होते, पण राहून गेले."

त्या गाण्यात संधी मागितली जाते, पण समोरच्या व्यक्तीचे उत्तर आपल्याला ऐकू येत नाही. गाणे संपून जाते. शुभवर्तमानात मात्र उत्तर आहे. तिबेर्य समुद्राच्या किनाऱ्यावर, पहाटे, कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी. आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या लोकांना ते दृश्य समजावून सांगायला नको. अशाच एका विस्तवाजवळ पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले होते. आता प्रभू त्याला तीनदा विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे का (योहान 21:15-17). पेत्र हो म्हणतो. पण प्रभू तिथे थांबत नाही. प्रत्येक 'हो'नंतर तो त्याला काम देतो: माझी मेंढरे सांभाळ. संधी मिळाली, आणि ती कामाच्या रूपात मिळाली.

एकाच गाण्यात प्रत्येक गायकाने स्वतःचे आयुष्य ओतले. विवाहाच्या वचनाचेही तसेच आहे. वेदीसमोर प्रत्येक जोडपे तेच शब्द उच्चारते. सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारपणात त्या शब्दांना आवाज मिळतो तो घरात. तुमच्या घरात ते वचन कसे ऐकू येते? मोडल्यासारखे, थकल्यासारखे, की नव्याने? विली नेल्सनने ते गाणे उशिरा गायले, तरी ते लोकांच्या हृदयाला भिडले. उशीर झाला म्हणून गप्प बसू नका. दोघे जिवंत आहेत तोवर वेळ गेलेली नाही.

या आठवड्यात एवढेच करू या. घरातल्या एका माणसाला, मनात असलेले एक चांगले वाक्य तोंडाने सांगू या. राहून गेलेले एक लहान काम करू या: आईला डॉक्टरांकडे नेणे, भावाला फोन करणे, पत्नीबरोबर संध्याकाळी सुरूच्या बनातून समुद्रापर्यंत चालत जाणे. आणि पापनिवेदनात एकदा न केलेल्या गोष्टींचीही कबुली देऊ या.

ज्यांची माणसे देवाघरी गेली आहेत, त्यांनी निराश होऊ नये. संतांच्या सहभागितेवर आपला विश्वास आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, मिस्सा अर्पण करा आणि त्यांना द्यायचे राहिलेले प्रेम जवळच्या एखाद्या एकाकी माणसाला द्या. प्रभूच्या हिशेबात ते वाया जात नाही.

हे प्रभू, आम्ही सदैव तुझ्या मनात होतो, आणि तू ते क्रुसावर हात पसरून दाखवलेस. आमचे प्रेमही आमच्या मनातून हातांत उतरू दे. आमेन.