डमी पकडायला गेलेली डमी

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, त्यांच्या मागच्या गल्लीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ते परीक्षा केंद्र होतं. विमा, म्युच्युअल फंड, अकाउंट्स, अशा नोकरीला लागणाऱ्या सर्टिफिकेटच्या परीक्षा तिथे कॉम्प्युटरवर व्हायच्या. मीही परीक्षा द्यायला गेले होते, म्हणजे तसं दाखवायला गेले होते. मला पास व्हायचं नव्हतं. दारावरची तपासणी कशी होते ते बघून रात्री फॉर्म भरायचा होता. त्याचे नऊशे रुपये.

याला मिस्ट्री शॉपिंग म्हणतात. त्याआधी मी पिझ्झाच्या काउंटरवर आणि मोबाइलच्या शोरूममध्ये हे केलं होतं. गिऱ्हाईक बनून जायचं, सेल्समन हसला का, बिल दिलं का, हे लक्षात ठेवायचं. त्यात मला कधी काही टोचलं नाही.

परीक्षा केंद्राच्या कामात मात्र एक स्क्रिप्ट होती. बुकिंग सासरच्या आडनावाने, ओळखपत्र माहेरच्या. नियम असा की नाव जुळलं नाही तर आत सोडायचं नाही. स्क्रिप्टमध्ये पुढे लिहिलं होतं, 'नकार मिळाल्यास एकदा विनंती करावी.'

दारावर माझ्याहून लहान मुलगी होती. तिने कार्ड दोनदा पाहिलं. "ताई, नाव मॅच होत नाहीये. नाही सोडता येणार."

मी विनंती केली. ती नाही म्हणाली. खरं तर माझं काम इथे संपलं होतं. केंद्र पास झालं होतं. पण मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "विरारहून आलेय गं, बाळाला शेजारी ठेवून. पुन्हा फी भरायला घरचे नाही देणार."

मला बाळ नाही.

तिने मागे वळून सुपरवायझर कुठे आहे ते पाहिलं. मग हळूच म्हणाली, "जा आत. कोणाला बोलू नका." थोड्या वेळाने येऊन विचारून गेली, एसी जास्त होतोय का.

फॉर्ममध्ये 'ओळखपत्र तपासले का?' ला हो आणि 'नाव न जुळताही प्रवेश दिला का?' लाही हो. बाळाबद्दल काही विचारायला त्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

ती चुकली का? चुकलीच. ओळखपत्राचा नियम उगाच नाही. मध्य प्रदेशातला व्यापम घोटाळा २०१३ मध्ये उघडकीला आला, तेव्हा दुसऱ्याच्या नावाने पेपर लिहून येणारे डमी किती सराईतपणे आत जात होते ते देशाने पाहिलं. दारावर एकाला दया दाखवली की आतल्या कुणाची तरी जागा जाते, आणि ज्याची जाते त्याला ते कळतही नाही. सांगून केलेल्या तपासणीत यातलं काही सापडत नाही. शाळेत साहेब येणार त्या दिवशी फळ्यावर सुविचार कसा वळणदार अक्षरात यायचा, आठवून बघा. गुपचूप जाण्याला पर्याय नाही, हे मला आजही पटतं.

मग टोचतं काय? कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ या बाबतीत फारच कडक होता. मित्राचा जीव घ्यायला आलेल्या माणसालाही खोटं सांगू नये, असं त्याने १७९७ मधल्या एका निबंधात लिहिलंय. ते मला झेपत नाही. पण त्याचंच दुसरं म्हणणं सोडवत नाही, की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये. पिझ्झावाल्याला मी फक्त पाहिलं होतं. तो माझ्याशी जसा वागला तसाच तो पुढच्या गिऱ्हाइकाशी वागला असता. या मुलीला मी पाहिलं नाही, पाडलं. तिने नियम दोनदा पाळला आणि तिसऱ्यांदा मी तिचा चांगुलपणाच किल्लीसारखा वापरला. फॉर्ममध्ये तो ढिलाई म्हणून गेला.

लहानपणीच्या गोष्टींत राजा वेषांतर करून रात्री गावात फिरायचा. त्या गोष्टींत सापडायचे ते लाच खाणारे कोतवाल आणि लबाड सावकार. आपल्याकडे वेषांतर करून जो जातो तो दारावरच्या रोजंदारीच्या पोरीकडे. महाराष्ट्राची शिक्षक पात्रता परीक्षा आठवा, जानेवारी २०२० मध्ये झालेली. त्यात दारावर कुणी फसलं नव्हतं. पेपर झाल्यानंतर मार्क बदलले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली ती परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना आणि परीक्षेचं काम घेतलेल्या कंपनीच्या माणसांना. पुढे साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांचे निकाल रद्द झाले. माझ्यासारख्या शंभर जणी आडनाव बदलून गेल्या असत्या, तरी यातलं काही सापडलं नसतं. वरच्या मजल्यावर जायला स्क्रिप्ट कोण देणार?

स्क्रिप्टवरून आमच्या मीरा रोडचं एक आठवतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरांवर छापे टाकले. आत बसलेली पोरं अमेरिकन नावं घेऊन, कर खात्याचे अधिकारी बनून तिकडच्या लोकांना धमकावायची आणि पैसे उकळायची. माझ्याच वयाची, हातात लिहून दिलेली वाक्यं, महिन्याला पगार. तेव्हा मी म्हणायचे, यांना रात्री झोप कशी लागते? ते चोरी करत होते, मी चोरी रोखायला गेले होते, हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसणार नाही. पण बाळाचं वाक्य माझ्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं. ते माझं होतं.

तीन महिन्यांनी मावसभावाला घेऊन त्याच केंद्रावर गेले. ती दिसली नाही. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "कधीच गेली." का गेली ते त्याला माहीत नव्हतं, आणि मीही जास्त खोदलं नाही. खोदायला हवं होतं.

दारावर आता एक मुलगा होता, समोर नियमांचा छापील कागद. त्याने एका मुलीला परत पाठवलं. तिच्या आधारवर वडिलांचं पूर्ण नाव होतं, बुकिंगवर नुसतं आद्याक्षर. ती विनवत राहिली, तो कागदावर बोट ठेवत राहिला. मग ती जिन्यात बसून रडायला लागली.

मी तिच्या शेजारून खाली उतरले. थांबावंसं वाटलं, पण मनात पहिला प्रश्न आला तो असा, की ही खरी आहे, की हिलाही नऊशे रुपये मिळणार आहेत?