पाऊल टाकणारा कोण?

कर्म घडते तेव्हा त्याचा कर्ता नेमका कोण, हा भारतीय तत्त्वचिंतनातील एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, करणे म्हणजे इंद्रिये, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. या पाचांचा विसर पडून जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो, त्याची दृष्टी अपुरी आहे, असा तेथील निर्णय आहे. हा विचार बहुधा नीतीच्या किंवा मोक्षाच्या संदर्भात मांडला जातो. परंतु मेंदू शरीराच्या हालचाली कशा घडवतो आणि बदलत्या परिस्थितीशी त्या कशा जुळवून घेतो, याविषयी गेल्या शतकात जे ज्ञान हाती आले, त्यामुळे या प्रश्नाला प्रत्यक्ष तपासता येण्यासारखी एक बाजू मिळाली आहे.

मराठवाड्याच्या धर्मजीवनात या बाजूची दोन ठळक उदाहरणे आढळतात. लातूर जिल्ह्यातील औसा येथील नाथ संस्थानाच्या परंपरेत चक्रीभजन चालत आले आहे. त्यात भजन गात, ठेक्यावर पावले टाकत, वर्तुळाकार फिरत उपासना केली जाते. नांदेड येथे, जेथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, त्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरात होला महल्ला या सणाच्या वेळी गतका, म्हणजे सोटी, तलवार आणि ढाल यांचा शीख शस्त्रखेळ, आजही दिसतो. एकीकडे भक्ती पावलांत उतरते, तर दुसरीकडे शौर्य मनगटात. आणि दोन्हीकडे निष्णात व्यक्तीला ‘आता कोणता स्नायू आवळू’ असा विचार करावा लागत नाही, किंबहुना तसा विचार केल्यास ठेका चुकतो आणि वारही हुकतो.

असे का होते, याचे एक उत्तर रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाईन यांच्या १९२० च्या दशकातील अभ्यासात आहे. हातोड्याचे घाव घालणाऱ्या निष्णात कामगारांच्या हालचाली छायाचित्रांवरून मोजल्या असता, खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग प्रत्येक घावाला थोडे निराळे असतात, तरी हातोड्याचे टोक मात्र जवळजवळ त्याच वाटेने जाते, असे त्यांना दिसले. याचा अर्थ असा की मेंदू स्नायूंना आज्ञांची ठरावीक यादी देत नाही. तो साध्य धरून ठेवतो आणि एका सांध्यात पडलेली तूट दुसऱ्या सांध्याकडून भरून घेतो. म्हणूनच सराव म्हणजे एकाच हालचालीची नक्कल नसून, एकच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवणे होय.

या कामात अनुमस्तिष्काचा, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागातील लहान मेंदूचा, मोठा वाटा आहे. मानवी मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज या भागात आहेत. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीनुसार हात वळवायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग लागतो, आणि तेवढ्या अवधीत समोरची सोटी पुढे आलेली असते. त्यामुळे अनुमस्तिष्क हालचालीचा परिणाम काय होईल याचे भाकीत आधीच करते, प्रत्यक्ष परिणामाशी ते ताडून पाहते आणि जो फरक उरतो त्यावरून पुढची हालचाल सुधारते. फिरणाऱ्या शरीराच्या बाबतीतही असेच घडते. आतल्या कानातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधील द्रव, फिरणे थांबल्यावरही क्षणभर वाहत राहतो आणि भोवळ आणतो. परंतु नित्याच्या सरावाने मेंदू या फसव्या संदेशाचे महत्त्व कमी करू शकतो.

मग या सर्वांत ‘मी करतो’ या जाणिवेचे स्थान कोणते? १९८३ मध्ये बेंजामिन लिबेट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्वेच्छेने मनगट हलवणाऱ्यांच्या मेंदूतील विद्युत तयारी हालचालीपूर्वी सुमारे अर्धा सेकंद सुरू झालेली आढळली, तर हलवण्याची इच्छा त्यांना केवळ सेकंदाच्या पाचव्या भागाइतकी आधी जाणवली होती. यावरून स्वातंत्र्य हा भ्रमच आहे असा निष्कर्ष अनेकांनी काढला. स्वतः लिबेट यांनी मात्र ऐन वेळी हालचाल रोखण्याची मुभा जाणिवेकडे उरते असे मानले, आणि त्या विद्युत तयारीच्या अर्थाविषयी शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत.

स्वातंत्र्य भ्रम आहे या निष्कर्षातील खरी उणीव मात्र कालमापनाची आहे. कर्तेपणा अर्ध्या सेकंदात शोधला तर तो सापडणार नाही, कारण तो तेथे राहत नाही. तो वर्षानुवर्षांच्या नेमात राहतो. पहाटे उठून भजनाला उभे राहायचे, सोटी हाती घ्यायची, चुकलेले पाऊल पुन्हा टाकायचे, हा निर्णय जाणिवेचाच असतो, आणि त्याच निर्णयातून असे शरीर घडते की जे पुढे जाणिवेची वाट न पाहता योग्य ते करते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता प्रवचनांत विनोबा भाव्यांनी, कर्मात मनाचा ओलावा, म्हणजे विकर्म, मिसळले की त्याचे अकर्म होते, म्हणजे ते करूनही भार वाटत नाही, असे विवेचन केले. शरीराच्या पातळीवर या सहजतेची एक छाया निष्णात हालचालीत दिसते.

येथे गीतेतील फळाचा त्याग या कल्पनेवरही नवा प्रकाश पडतो. अनुमस्तिष्क फळाकडे पाठ फिरवत नाही; ते प्रत्येक फळ बारकाईने न्याहाळते, पण त्याचा उपयोग केवळ पुढचे पाऊल सुधारण्यासाठी करते. फळावर हक्क सांगणे निराळे आणि फळाकडून शिकणे निराळे, हा भेद ज्याला कळला, त्याला आपण एकटे कर्ते नाही याची खंत वाटण्याचे कारण उरत नाही. ठेका मृदंगाचा असतो, तोल शरीराचा असतो आणि नेम त्याचा स्वतःचा असतो.