लेखकाच्या जागी कोणाचं नाव

ताईच्या पेपरची वर्ड फाइल उघडून प्रॉपर्टीजमध्ये पाहिलं, तर लेखक म्हणून माझं नाव होतं.

यात गूढ काही नव्हतं. ताईचा मसुदा जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये होता आणि नियतकालिकाला युनिकोड हवं होतं. मी माझ्या लॅपटॉपवर नवी फाइल उघडून त्यात मजकूर बदलून घेतला होता. वर्ड ज्याच्या मशीनवर फाइल जन्मते त्याचंच नाव लेखक म्हणून लावतं. गंमत म्हणून मी स्क्रीनशॉट काढून ताईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "आता तूच राहिला होता का?"

त्या 'तूच'मागची गोष्ट मला दोन दिवसांनी, दिवाळीला पारोळ्याला गेल्यावर कळली.

ताई एका कॉलेजात मराठी शिकवते. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. जितके तास तितके पैसे, तेही कधी चार महिन्यांनी एकदम. दर जूनला नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत. गेली तीन वर्षं ती आमच्या भागात कापूस वेचणाऱ्या बायांच्या बोलीतले शब्द गोळा करतेय. पऱ्हाटी, कवडी, फरदड हे तुम्हालाही माहीत असतील. पण वेचणीच्या वेळांना, ओटीत कापूस भरण्याच्या पद्धतींना, वजनात मारल्या जाणाऱ्या किलोला अहिराणीत जे शब्द आहेत, ते मीही ऐकले नव्हते, आणि मी याच गावात वाढलो. त्या शब्दांवरचा हा पेपर. युनिकोडमध्ये नेताना जिथे तिथे 'पऱ्हाटी'ची 'पर्हाटी' झाली. फाइंड-रिप्लेस करून सगळे अर्धे र परत चंद्रकोरीसारखे करायला मला एक रात्र लागली. पेपरातलं माझं योगदान एवढंच.

ताईला सोपा रस्ता माहीत नव्हता असं नाही. तिच्या व्हॉट्सॲपवर आठवड्याला दोन तरी मेसेज येतात : तीन दिवसांत प्रकाशन, आयएसएसएन आहे, सर्टिफिकेट मिळेल, फी अमुक. हा बाजार किती मोठा आहे याचा अंदाज एका अभ्यासातून येतो. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने जी नियतकालिकं आली होती, त्यांतली काही निवडून पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासली. २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी लिहिलं, की यातली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग २०१९ला केअर यादी आली, २०२५ला तीही बंद झाली. याद्या येतात-जातात, मेसेज चालू राहतात. ताईने असा एकही पेपर छापलेला नाही. म्हणूनच तिच्या नावावर एकूण पेपर दोन.

तर झालं असं होतं, की विभागातल्या सरांनी तिला सहज म्हणावं तसं म्हटलं होतं, "मॅडम, माझंही नाव टाका. दुसरं टाकलं तरी चालेल."

सरांनी गावं पाहिली नव्हती, रेकॉर्डिंग ऐकलं नव्हतं, मसुदा वाचला नव्हता. मी तडकलो. हा खोटेपणा आहे, चोरी आहे, तू स्पष्ट नाही म्हण, वगैरे. ताई फराळाचे डबे भरत होती. ती म्हणाली, "तुझा पगार एक तारखेला येतो. जूनच्या मुलाखतीला समोर कोण बसतं माहीत आहे का?"

यावर मला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. दुसऱ्याच्या नोकरीच्या जिवावर तत्त्व पाळणं फार सोपं असतं. पण ते महाग पडतं म्हणून प्रश्न संपत नाही. पेपरवर एक जास्तीचं नाव आलं तर नक्की बिघडतं काय? कोणाचं वाक्य चोरलेलं नाही, आकडा फिरवलेला नाही. ताईचा एक शब्दही कमी होत नाही. यूजीसीचा हिशेब तर याहून उदार आहे. प्राध्यापकांच्या बढतीसाठीच्या २०१८च्या नियमांत एका पेपरचे दोन लेखक असतील, तर प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात. दोघांचे मिळून १४०. नाव वाटलं की एकूण वाढतं, असा हा एकच व्यवहार मी पाहिलाय. उचललेलं वाक्य पकडणारी सॉफ्टवेअरं आहेत. त्याच वर्षीच्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. फुकट दिलेलं नाव पकडणारं सॉफ्टवेअर मात्र नाही. आम्हीही ते लिहू शकणार नाही.

आमच्या धंद्यात याला एक जवळची गोष्ट आहे. आम्ही कोड ज्या गिटमध्ये ठेवतो, त्यात एक कमांड आहे, तिचं नावच 'ब्लेम'. कोडच्या कुठल्याही ओळीवर ती चालवा, ती ओळ शेवटची कोणी लिहिली ते नावानिशी समोर येतं. नाव कौतुकासाठी नाही; रात्री दोनला सिस्टिम पडली तर फोन कोणाला करायचा, यासाठी. आणि इथे मला माझंच एक प्रकरण सांगितलं पाहिजे, नाहीतर वरचा सगळा संताप ढोंग ठरेल. मागच्या वर्षी एका सहकाऱ्याचा तीनशे ओळींचा बदल मी न वाचता मंजूर केला. शुक्रवार होता, तो मित्र होता, 'ठीक दिसतंय' लिहून बटण दाबलं. सोमवारी ग्राहकांना दोन-दोनदा बिलं गेली. मीटिंगमध्ये विचारलं गेलं, तपासलं कोणी? स्क्रीनवर माझं नाव होतं. मी म्हणालो, "मी वरवर पाहिलं होतं." वरवरही पाहिलं नव्हतं. सरांनी मागितलं ते आणि मी केलं ते, यांत फरक आहे का? मी बराच वेळ शोधला. मला एकच सापडला : त्यांनी निदान विचारलं होतं.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणायचं याचे निकष ठरवलेले आहेत. कामात खरा वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा सुधारण्यात भाग, अंतिम मजकुराला मान्यता. हे तीन जुने. २०१३ला चौथा जोडला गेला : कामातल्या कुठल्याही भागाच्या अचूकतेबद्दल प्रश्न आला, तर त्याचा तपास होऊन उत्तर मिळेल याची जबाबदारी घेणं. मला हा चौथाच खरा वाटतो. पहिले तीन श्रेयाची वाटणी करतात. चौथा विचारतो, उद्या कोणी दार वाजवलं तर उघडणार कोण?

पारोळ्याहून वीसेक किलोमीटरवर अमळनेर आहे. तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरातून एकेकाळी इंग्रजीत 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' निघायचं. गिरणीच्या गावातून निघालेलं तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक, ज्यात कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे लोक लिहीत. तिथल्याच मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांच्या नावावर १९३३चं एक पुस्तक आहे, 'अज्ञान'. मुखपृष्ठावर नावं तीन, पण आत प्रत्येकाचा निबंध वेगळा. कोणी काय म्हटलं, कोणाला धरायचं, यात घोळ नाही. सहलेखनाची मला माहीत असलेली ही सगळ्यात स्वच्छ पद्धत. पुस्तकाचं नाव मात्र मी ताईला मुद्दाम दोनदा सांगितलं.

उलट बाजूही आपल्याच भागात आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. गाणी उतरवून घेतली ती मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी. १९५२ला, त्या गेल्यानंतर, पुस्तक आलं ते बहिणाबाईंच्या नावाने. सोपानदेव स्वतः कवी होते. ज्याने कागदावर उतरवलं तो लेखक नाही, हे त्या घराला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मग ताईच्या पेपरात लेखक कोण? शब्द तर बायांचे.

हे मी ताईला विचारलं, जरा खोचकपणे. तिने ते वर्षभरापूर्वीच विचारून ठेवलं होतं. जिच्याकडून सर्वांत जास्त शब्द मिळाले, त्या आजींना ती म्हणाली होती, तुमचं नाव छापू का? आजी म्हणाल्या, "चुकी व्हयनी ते माले धरशात का?" ताईने सांगितलं, नाही, शब्दांचा अर्थ मी लावलाय, चूक माझी. तर आजींचं म्हणणं, मग नाव तुझंच लाव, माझं खाली टाक. समितीचा चौथा निकष त्यांनी पाटीवर बसल्या बसल्या लावून दाखवला होता. तरी मला हे पूर्ण पटत नाही. ज्याला उत्तर देण्याची ताकद आहे त्यालाच नाव, असं म्हटलं तर बांधावरचा माणूस कायम 'खाली'च राहणार. आभारात आजींचं पूर्ण नाव आणि गाव आहे. पण आभाराला गुण नसतात.

सरांचं काय झालं? ताईने नाही म्हटलं नाही. तिने पूर्ण मसुदा त्यांना मेल केला आणि लिहिलं, की नियतकालिक प्रत्येक लेखकाचं योगदान एका वाक्यात मागतं, तुमच्या नावापुढे काय लिहू? आठ दिवस काही नाही. मग फोन आला. सरांनी वाचला होता. आणि एका ठिकाणी 'कवडी'चा अर्थ चुकलाय म्हणाले; ताईने नुसता किडका कापूस लिहिलं होतं, त्यांच्या घरी पावसात डागाळलेल्यालाही तेच म्हणत. ताईने दोन गावांत फोन करून खात्री केली. सर बरोबर होते. खरं सांगायचं तर ते बरोबर निघाले याचं मला वाईट वाटलं.

ताईने फॉर्ममध्ये लिहिलं : 'दुसरे लेखक : मसुदा वाचून एका शब्दाच्या अर्थाची दुरुस्ती.' एवढंच, आणि ते त्यांना दाखवलं. सरांनी दोनदा वाचलं म्हणे. मग म्हणाले, "असं वाईट दिसतं. आभारात घ्या."

हा धीटपणा की युक्ती, ते मला ठरवता आलेलं नाही. ताईला विचारलं तर ती म्हणाली, जे होतं ते लिहिलं. सर नाराज आहेत का, तेही तिला कळलेलं नाही.

परीक्षकांना लेखक कळू नये म्हणून नावं, पत्ते आणि आभार वेगळ्या पानावर द्यायचे असतात. ते पान वेगळं केलं. मुख्य फाइलच्या प्रॉपर्टीजमधून माझं नाव पुसलं. ऑनलाइन फॉर्मवर खाली पाच चौकोन होते : काम मूळ आहे, इतरत्र पाठवलेलं नाही, सर्व लेखकांची संमती आहे, असं. मी सवयीने पाचही भराभर टिक करायला निघालो. ताईने माझा हात बाजूला केला आणि एकेक वाक्य मोठ्याने वाचलं. 'पत्रव्यवहारासाठी लेखक' या रकान्यात स्वतःचा मोबाइल नंबर टाकला, एक आकडा चुकला म्हणून पुन्हा टाकला. सबमिट दाबलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. उत्तर यायला तीन ते सहा महिने लागतील, असा मेल लगेच आला. म्हणजे जूनच्या मुलाखतीच्या आधी येईलच असं नाही.