गालाखालची हवा

निवांत बसा. उजव्या हाताची बोटं जबड्याच्या कोपऱ्यावर, कानाच्या पाळीच्या जरा खाली टेकवा. दाबू नका. बोटांखाली कातडी आहे, तिच्याखाली चरबीचा मऊ थर, मग स्नायू, मग हाड. कातडी हलकेच पुढेमागे सरकवून पाहा. हे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले नसतात. मधे विरळ तंतूंचं जाळं असतं. म्हणून तर हसता येतं, चावता येतं, मान वळवता येते. या सैलपणावर थोडा वेळ मन राहू द्या.

आता खालची अक्कलदाढ आठवा. ती हाडात आडवी अडकली की डॉक्टर हिरडी उघडून भोवतीचं हाड कोरतात, दाढेचे तुकडे करून काढतात. दातांच्या दवाखान्यातलं नेहमीचं कोरायचं यंत्र, एअरोटर, दाबाच्या हवेवर फिरतं. जॉन बोर्डन यांनी 1957 मध्ये ते प्रचारात आणलं. आज त्याचं टोक मिनिटाला 3 लाखांहून जास्त फेरे घेतं. या वेगानं किती जणांच्या वेदना कमी केल्या असतील! पण यंत्रातली काही हवा टोकाजवळच बाहेर पडते. हिरडी उघडी असली, तर हवेला आत शिरायला वाट मिळते, आणि पुढे तेच सैल थर, जे आत्ता तुमच्या बोटांना जाणवले. म्हणून अशा शस्त्रक्रियेला हवा मागच्या बाजूनं सोडणारं किंवा विजेवर फिरणारं यंत्र वापरावं असं सांगतात. खुर्चीत बसण्याआधी रुग्णानं याबद्दल जरूर विचारावं. हा प्रश्न अविश्वासाचा नाही.

हवा शिरली की बघता बघता गाल फुगतो, कधी डोळाही झाकला जातो. दुखत फारसं नाही. औषधाची अ‍ॅलर्जी असेल, आत रक्त साचलं असेल, असं आधी वाटतं. मग डॉक्टर बोट टेकवतात. चुरमुऱ्यांच्या पिशवीवर हलकं दाबावं तशी कुरकुर बोटाला लागते, आणि उलगडा होतो.

इथे एक श्वास सावकाश घ्या. जबड्याखालची जागा घशाच्या बाजूच्या जागेला लागून आहे, ती घशामागच्या जागेला, आणि तिथून वाट छातीत, थेट हृदयाभोवती उतरते. दात दाखवायला आपण एका डॉक्टरांकडे जातो, छाती दाखवायला दुसऱ्या. आत मात्र सगळं सलग आहे.

हवा शिरायला यंत्रच लागतं असंही नाही. 1900 मध्ये टर्नबुल या डॉक्टरांनी नोंदवलेला अशा सुजेचा रुग्ण वादक होता. दात काढल्यावर लगेच त्यानं बिगुल फुंकला. त्याचाच श्वास त्याच्या गालात शिरला. म्हणून दाढ काढल्यावर काही दिवस नाक जोरानं शिंकरायचं नाही, फुगा किंवा बासरी फुंकायची नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवायचं.

श्वास सोडा, आणि सोडताना हे ध्यानात आणा. अडकलेल्या हवेत बहुतांश नायट्रोजन असतो. शरीराला त्याचा उपयोग नाही, पण तो कणाकणानं रक्तात विरघळतो, रक्ताबरोबर फुप्फुसांत पोहोचतो आणि उच्छ्वासातून निघून जातो. यात आपल्याला काहीच करावं लागत नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. सूज बहुधा 3 ते 10 दिवसांत ओसरते. हवेबरोबर तोंडातले जंतूही आत गेलेले असू शकतात, म्हणून डॉक्टर अनेकदा प्रतिजैविकं देतात.

या दिवसांत रुग्णाजवळ कुणीतरी असावं. त्यानं रुग्णाचा गाल चोळू नये, शेकू नये. बोलणं ऐकावं, श्वासाकडे लक्ष ठेवावं. आवाज बदलला, गिळताना अडखळलं, छातीत दुखू लागलं किंवा धाप लागली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावं, आणि दाढ कधी काढली ते तिथे आधी सांगावं.