नियत साफ असणे पुरेसे आहे काय?

माझ्या नात्यातील एक ज्येष्ठ परिचारिका गेली पंचवीस वर्षे एका लहानशा रुग्णालयात सेवा करीत आहेत. नमाजच्या पाबंद, स्वभावाने मृदू, रुग्णांविषयी मनात खरा कळवळा. एके दिवशी त्यांनी मधुमेहाच्या एका रुग्णासाठी नेहमीप्रमाणे २० युनिट इन्शुलिन सिरिंजमध्ये भरले. सुई टोचणार इतक्यात शेजारी उभी असलेली शिकाऊ मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, सिरिंज लाल टोपणाची आहे, आणि बाटली शंभराची आहे."

आपल्या देशात इन्शुलिन दोन तीव्रतांचे मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले. पहिल्याची सिरिंज लाल टोपणाची, दुसऱ्याची नारिंगी टोपणाची. त्या रुग्णालयात वर्षानुवर्षे चाळीसचीच बाटली येत असे. त्या आठवड्यात शंभराची आली; ट्रेमधील सिरिंजा मात्र जुन्याच राहिल्या. त्या सिरिंजवरील २० च्या खुणेपर्यंत भरलेले औषध प्रत्यक्षात ५० युनिट होते, म्हणजे अडीच पट. रुग्णाच्या रक्तातील साखर एकाएकी घसरून प्राणावर बेतले असते. ही हकीकत सांगताना त्या म्हणाल्या, "त्या दिवशीही माझी नियत रोजच्यासारखीच साफ होती."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कर्मांचा आधार नियतीवर असल्याचे शिकविले आहे. मग ज्याची नियत शुद्ध, तो आपल्या जबाबदारीतून मुक्त झाला, असे म्हणता येईल काय?

याचे उत्तर प्रेषितांच्याच (स.) दुसऱ्या एका शिकवणुकीत आहे. अबू दाऊद, नसाई आणि इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहांत ती आली आहे. तिचा आशय असा की, वैद्यकशास्त्राचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीस जबाबदार आहे. येथे त्याच्या नियतीची चौकशी केलेली नाही. त्याच्या मनात दया होती की लोभ, हे विचारलेले नाही. विचारले आहे ते इतकेच की, त्याला काम येत होते काय? फिकहच्या इतिहासातही हाच विचार दिसतो. सज्ञान व शहाण्या माणसाच्या व्यवहारावर बंदी घालण्यास इमाम अबू हनीफा (रह.) सहसा राजी नसत, परंतु ज्या मोजक्या लोकांना त्यांनी अपवाद केले, त्यांत अडाणी वैद्य होता. कारण त्याच्या चुकीची किंमत तो स्वतः देत नाही. त्याच्यावर विश्वास टाकणारा देतो.

या दोन शिकवणुकींत विरोध आहे काय? मला वाटते, नाही. हजला जाण्याची इच्छा आहे असे जो म्हणतो, परंतु वाट विचारीत नाही, शिदोरी बांधत नाही आणि पैसा जोडीत नाही, त्याच्याजवळ इच्छा आहे, नियत नाही. नियत म्हणजे ध्येयासोबत त्याच्या साधनांचाही स्वीकार. रुग्णाचे भले व्हावे ही नियत खरी असेल, तर भले कशाने होते हे जाणून घेण्याची तळमळ तिच्यात असणारच. कुरआनमध्ये ह. मूसा (अ.) यांना कामावर ठेवण्याची शिफारस करणारी मुलगी आपल्या पित्याला दोन गुण सांगते : सामर्थ्य आणि विश्वासूपणा (२८:२६). ह. यूसुफ (अ.) भांडारांची जबाबदारी मागतात, तेव्हा आपण रक्षण करणारे आहोत तसेच जाणकारही आहोत, असे सांगतात (१२:५५). प्रामाणिकपणा आणि कर्तबगारी ही दोन चाके आहेत. एका चाकावर गाडी चालत नाही.

येथे कोणी म्हणेल की, परिचारिका अडाणी नसते. तिने शिक्षण घेतलेले असते, परीक्षा दिलेली असते. खरे आहे. पण ज्ञान वयस्क होते. हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णासाठी पूर्वी आधी श्वासमार्ग मोकळा करणे, मग श्वास देणे व नंतर छाती दाबणे असा क्रम शिकविला जाई. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तो बदलला आणि छाती दाबण्यास प्रथम स्थान दिले. जुना क्रम पाठ असलेली व्यक्ती त्या काळाच्या मानाने विद्वान होती. आज तिचे तेच ज्ञान मोलाचे क्षण वाया घालवू शकते. सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार जनावर जिबह करतानाही सुरीला धार लावून घेण्याची आज्ञा आहे. ज्या मुक्या जिवाचा अंतच होणार आहे, त्याच्याबाबतीत बोथट सुरी मान्य नाही. मग ज्याला वाचवायचे आहे, त्या माणसाजवळ बोथट ज्ञान घेऊन कसे जाता येईल? आणि धार एकदाच लावून भागत नाही.

परिचर्या हे आपल्या परंपरेत परके काम नाही. खंदकच्या लढाईत (हिजरी ५) ह. सअद बिन मुआज (रजि.) बाणाने जखमी झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना मदीनेच्या मशिदीतील ह. रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवविले. जखमींची शुश्रूषा करणारी म्हणून त्या परिचित होत्या. पुढे इ. स. ९३१ मध्ये बगदादमध्ये उपचारातील चुकीने एक माणूस दगावला, तेव्हा खलीफा मुक्तदिरने सिनान बिन साबित यांच्याकरवी शहरातील वैद्यांची परीक्षा घेण्याचा हुकूम काढला. आधीपासून धंदा करीत असलेल्यांनाही परीक्षेस बसावे लागले.

आज भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करण्याचा आणि त्यासाठी १५० तासांच्या निरंतर शिक्षणाचा दंडक घातला आहे. कायदा तास मोजू शकतो. त्या तासांत काय घडले हे अल्लाहच पाहतो. सभागृहाच्या मागच्या रांगेत मोबाइलवर वेळ काढून प्रमाणपत्र घेणारी व्यक्ती, आपण शिकलो आहोत, अशी साक्ष लेखी देत असते. ही साक्ष खोटी आहे आणि तिचा बळी तो रुग्ण आहे, ज्याला तिची चौकशी करण्याचे साधन नाही.

अर्थात सारा भार एकट्या परिचारिकेवर टाकणे हाही अन्याय होईल. एकाच पाळीत पेलवणार नाहीत इतके रुग्ण सोपविणारे, आणि दोन प्रकारच्या बाटल्या व सिरिंजा एकाच ट्रेमध्ये राहू देणारे व्यवस्थापनही जबाबदेह आहे. आणि आपण? सुनेला सुटीच्या दिवशी प्रशिक्षणास जायचे असेल, तर "नोकरी लागली, आता आणखी काय शिकायचे?" असे विचारणारे घर या अमानतीत खयानत करीत नाही काय? समाजात वैद्यकीय ज्ञान असणे इमाम गझाली (रह.) यांनी फर्जे किफाया म्हटले आहे. ते फर्ज जी मुलगी आपणा सर्वांच्या वतीने पार पाडते, तिच्या वाटणीचे घरकाम उचलणे एवढे तरी आपले देणे लागते. इस्पितळात ती दुसऱ्यांदा रुग्णाचे नाव विचारते, तेव्हा त्रासून जाऊ नये, हेही.

त्या ज्येष्ठ परिचारिकेने त्या दिवशी सिरिंज खाली ठेवली, औषध टाकून दिले, नारिंगी टोपणाची सिरिंज मागवून पुन्हा भरले आणि त्या शिकाऊ मुलीचे सर्वांसमक्ष आभार मानले. नंतर ही गोष्ट त्यांनी स्वतःच वरिष्ठांना कळविली; त्यानंतर ट्रे बदलले. पंचवीस वर्षांच्या अनुभवाने तीन महिन्यांच्या शिकाऊ मुलीचे ऐकले, यातच त्यांची नियत किती साफ आहे ते मला दिसले. ज्ञानात वाढ मागण्याची दुआ कुरआनने खुद्द प्रेषितांना (स.) शिकविली आहे (२०:११४). मग आपले शिक्षण पूर्ण झाले, असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे?