नेम

आपल्या भाषेंत कांहीं शब्द असे आहेत कीं, त्यांच्या दोन अर्थांची गांठ कशी पडली याचा विचार करूं लागलें म्हणजे मन बराच वेळ त्यांतच गुंतून राहतें. 'नेम' हा त्यांपैकीं एक. एकादशीचा नेम पाळणारी आजी आणि कैरीवर दगडाचा नेम धरणारा तिचा नातू हीं दोघें एकच शब्द वापरतात, आणि त्यांत कांहीं विसंगत आहे असें दोघांनाही वाटत नाहीं. आजीचा नेम म्हणजे स्वतःस घातलेलें बंधन. नातवाचा नेम म्हणजे लक्ष्यावर रोखलेली दृष्टि. या दोन नेमांचा परस्परांशीं संबंध काय, हा प्रश्न आमच्यापुढें अगदीं अनपेक्षित दिशेनें येऊन उभा राहिला.

आमचें मूळ गांव फुलसावंगी, यवतमाळ जिल्ह्याच्या महागांव तालुक्यांतील. तेथील घरांत वाढलेला आमचा एक भाचा नोकरीच्या निमित्तानें अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत स्थायिक झाला असून, मित्रांच्या संगतीनें त्यास धनुष्यानें शिकार करण्याचा नाद लागला आहे. शिकार एल्कची. एल्क हा हरणांच्या कुळांतील थोराड प्राणी. काश्मीरचा हंगुल त्याचा जवळचा आप्त. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंच्याही पुढें भरतो. सप्टेंबरांत, त्यांच्या माजाच्या दिवसांत, लोक परवाना घेऊन रॉकी पर्वताच्या अरण्यांत जातात, एल्कच्या आरोळीची नक्कल करून नरास जवळ बोलावतात आणि बाण सोडतात. मागें एका दिवाळींत आम्ही गांवीं असतां या भाच्याचें पत्र आलें. वरवर पाहतां प्रश्न बाजारांतील खरेदीचा होता. धनुष्यास कोणती साइट लावावी? "मामा, तुम्हांला धनुष्यांतलें कांहीं कळत नाहीं हें मला ठाऊक आहे, म्हणूनच तुम्हांला विचारतों," असें त्यानें लिहिलें होतें.

तें खरेंच आहे. दसऱ्यास आपट्याचीं पानें वाटण्यापलीकडे आमच्या क्षात्रवृत्तीची मजल गेलेली नाहीं. तेव्हां पत्रावरून जें समजलें तेवढेंच सांगतों. साइट म्हणजे बंदुकीच्या माशीसारखें, धनुष्यास जोडलेलें, नेम धरण्याचें साधन. तिचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारांत एकीखालीं एक अशा तीन, पांच किंवा सात बारीक टांचण्या कायमच्या बसविलेल्या असतात. वरची २० वारांसाठीं, तिच्या खालची ३० साठीं, मग ४० साठीं, याप्रमाणें. जनावर जितक्या अंतरावर असेल तितक्या अंतराची टांचणी त्यावर धरावयाची. अंतर ३५ वार असलें तर दोन टांचण्यांमधल्या मोकळ्या जागेचा अदमास घ्यावयाचा. दुसऱ्या प्रकारांत टांचणी बहुधा एकच, पण ती एका चक्रानें वरखालीं सरकते. लेझरच्या दुर्बिणीनें अंतर मोजावें, चक्र त्या आंकड्यावर फिरवावें आणि तीच टांचणी लक्ष्यावर ठेवावी. पहिलींत तत्परता आहे, पण घाईंत भलतीच टांचणी धरली जाण्याचें भय आहे. दुसरींत नेमकेपणा आहे, पण जनावर पुढेंमागें सरकलें कीं फिरविलेला आंकडा खोटा ठरतो.

इतका खटाटोप कशासाठीं, असें वाचक विचारतील. सेकंदास ८५ मीटर वेगानें सुटलेला बाण २० मीटर जाईपर्यंत सुमारें २७ सेंटिमीटर खालीं येतो. ४० मीटरांस हें पतन एक मीटरच्या वर जातें आणि ६० मीटरांस जवळजवळ अडीच मीटर होतें. अंतर दुप्पट झालें कीं पतन चौपट होतें. म्हणून जवळच्या चुकीस जी क्षमा आहे ती दूरच्या चुकीस नाहीं.

खेळाच्या मैदानावर हें सारें निर्वेध चालतें. ५ ऑगस्ट २०२३ रोजीं बर्लिन येथें साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हीं एकाच दिवशीं कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारांत जगज्जेतीं झालीं. ओजसनें तर अंतिम सामन्यांत १५० पैकीं १५० गुण मिळविले. तेथें लक्ष्य बरोबर ५० मीटरांवर असतें व तें जागचें हलत नाहीं. तेथें सरकत्या साइटीस कोण दोष देईल? बाण चुकला तर फार तर एक पदक जाईल.

भाच्याची गोष्ट निराळी होती, आणि ती त्यानें पत्राच्या शेवटीं, जरा ओशाळून, लिहिली होती. त्याच्याजवळ सरकती साइट होती. नर ३० वारांवर उभा होता म्हणून त्यानें चक्र ३० वर आणलें आणि प्रत्यंचा ओढली. तेवढ्यांत नर चालूं लागला आणि अदमासें ४५ वारांवर थांबला. आतां चक्र फिरवावयाचें तर धनुष्य खालीं घ्यावें लागणार, आणि हालचाल दिसतांच जनावर निघून जाणार. त्यानें टांचणी अदमासानें वर धरून बाण सोडला. तो पोटाच्या खालच्या अंगास लागला. दुसऱ्या दिवशींच्या संध्याकाळपर्यंत तो रक्ताच्या मागानें हिंडला. पुढें खडकाळ जमिनीवर माग नाहींसा झाला. एल्क सांपडला नाहीं. "स्थिर टांचण्या असत्या तर असें झालें नसतें ना?" एवढेंच त्याला विचारावयाचें होतें.

हें पत्र ओसरीवर आम्ही मोठ्यानें वाचीत असतां आमचा जुना सालदार ऐकत बसला होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा होण्यापूर्वीं त्याच्या बापानें पैनगंगेच्या काठच्या रानांत बांबूचें धनुष्य वागविलें होतें. दोन साइटींचा भेद त्यानें शांतपणें ऐकून घेतला आणि एवढेंच म्हणाला, "इतक्या दुरून सोडलाच काहून त्यानं?"

आमच्या मतें सारा विषय या एका प्रश्नांत आहे. बांबूच्या धनुष्यास साइट नव्हती, पण मर्यादा होती. ती बांबूंतच होती. नव्या धनुष्यानें ती मर्यादा उठविली, आणि यंत्रानें उठविलेली मर्यादा मनुष्यास स्वतःच्या हातानें पुन्हां घालून घ्यावी लागते. शिवाय कोणतीही साइट जें मोजूं शकत नाहीं असें एक अंतर आहे. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. ४० मीटरांवरील जनावरास प्रत्यंचेचा आवाज बाणाच्या आधीं सेकंदाच्या तृतीयांशाएवढा वेळ ऐकूं येतो. तेवढ्या वेळांत तें काय करील हें कोणत्याही चक्रावर लिहिलेलें नसतें.

मुळांत शिकार करावीच कां, असें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत आलें असेल. आमच्याही मनांत आलें. आपल्याकडे कायद्यानें तो प्रश्न बहुतांशीं मिटविला आहे. तिकडे तो ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविला आहे. परंतु ज्यानें स्वतःस एवढी मोठी मोकळीक दिली, त्याच्यावर लहान गोष्टींतील बंधनें अधिकच कडक पडतात, हें शिकारीच्या कट्टर पुरस्कर्त्यासही मान्य करावें लागेल.

आतां साइट बाजूस ठेवूं. नीतीच्या क्षेत्रांतही असेच दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, तत्त्वें आधींच कायमचीं बसवून ठेवावीं. दुसरा म्हणतो, प्रसंग पाहून माप बदलावें. अरिस्टॉटलनें लेस्बॉस बेटांतील शिशाच्या गजाचा दाखला दिला आहे. तो गज दगडाच्या आकाराप्रमाणें वांकतो, आणि न्यायासही कधीं कधीं तसें वांकावें लागतें, असें त्याचें म्हणणें. उलट कांटनें १७९७ सालीं लिहिलें कीं, दारांत उभ्या असलेल्या मारेकऱ्याशींही असत्य बोलूं नये.

महाभारताच्या कर्णपर्वांत हाच प्रश्न एका धनुष्यावरून निघतो. गांडीव दुसऱ्यास दे असें जो म्हणेल त्याचा वध करीन, असा अर्जुनाचा नेम होता. आणि रागाच्या भरांत धर्मराजच तसें बोलून गेला. अर्जुनानें खड्ग उपसलें. तेव्हां श्रीकृष्णानें त्यास कौशिकाची गोष्ट सांगितली. सत्य बोलण्याचा नेम असलेल्या या ब्राह्मणानें, रानांत लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा चोरांनीं विचारतांच खरा सांगितला. ते मारले गेले, आणि कौशिक नरकांत गेला. मग प्रतिज्ञाही मोडूं नये आणि वडील भाऊही मरूं नये म्हणून कृष्णानें तोड काढली: वडिलांस 'तूं' म्हणून हिणविणें हाच त्यांचा वध होय.

येथें कोणी म्हणेल, मग सरकती साइटच श्रेष्ठ ठरली. तसें नाहीं. कौशिकाच्या नेमाची किंमत कोणी दिली? लपलेल्या माणसांनीं. त्याचें स्वतःचें सत्य शाबूत राहिलें आणि प्राण दुसऱ्यांचे गेले. जो नेम पाळल्यानें भुर्दंड दुसऱ्यावर पडतो तो तपासून पाहावा, प्रसंगीं सरकवावा. परंतु जो नेम पाळल्यानें आपलेंच कांहीं जातें आणि सरकविल्यानें आपलाच लाभ होतो, तो स्थिर ठेवणेंच बरें. कारण त्याचें चक्र फिरविणारा हात आपल्या लोभाचा असतो.

हुंडा घेणार नाहीं असें सांगणारीं किती तरी सुशिक्षित कुटुंबें आपण पाहतों. कायदा होऊन तर १९६१ पासून इतकीं वर्षें झालीं. पण 'मुलीच्या वडिलांची हौस आहे', 'त्यांचा मान मोडवत नाहीं', 'दागिने तर मुलीच्याच अंगावर राहतात' असें म्हणत चक्र एकेक घर पुढें सरकतें. प्रत्येक वेळीं प्रसंग खरोखरच निराळा असतो, आणि प्रत्येक वेळीं तो वरपक्षाच्याच लाभाचा निघतो. अशा ठिकाणीं प्रसंगाचें तारतम्य ही बुद्धीची सूक्ष्मता नसून हांव असते.

आम्हीं भाच्यास लिहिलें कीं, कोणतीही साइट घे. बाण कसा सोडावा हें अंतराप्रमाणें बदलूं दे. पण किती अंतरापर्यंत सोडावा हें घरीं बसून, समोर जनावर नसतांना, एकदांच ठरव. पहिली गोष्ट ज्ञानाची आहे, दुसरी शीलाची. आणि मागील बाणाबद्दल साइटीस दोष देऊं नको. अंतर बदललें हें तुला दिसलें होतें.

त्यानें सरकती साइटच ठेवली. मात्र चक्रास अंतराच्या आंकड्यांची जी पट्टी चिकटविलेली असते, ती ४० च्या पुढें कापून टाकली. पुढच्या सप्टेंबरांत एक मोठा नर ६० वारांवर बराच वेळ आडवा उभा राहिला. भाच्यानें धनुष्य उचललें नाहीं. त्या हंगामांत तो रिकाम्या हातानें परतला. "अजून हळहळ वाटते," असें तो लिहितो. ती वाटणारच. नेमाची किंमत या खेपेस त्यानें स्वतः दिली आहे.